सर्व्हर उठेना, पण हिशेब आतच आहेत

प्रश्न : ताई, मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान आहे. २०१५ साली घेतलेला टॉवर सर्व्हर आहे, त्यात १ टीबीच्या तीन हार्डडिस्क. बसवून देणारा म्हणाला होता, 'रेड ५ केलंय, एक डिस्क गेली तरी झोप लागेल.' परवा वळवाच्या पावसात लाइट तीनचार वेळा गेली-आली. सकाळी चालू केला तर पंखे फिरतात, पण काळ्या स्क्रीनवर बूट डिव्हाइस सापडत नाही असं येतं. एका डिस्कचा दिवा नारिंगी आहे. शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या, उचल, टॅली सगळं त्यातच. शेवटचा बॅकअप डिसेंबरातला, पेनड्राइव्हवर. ओळखीचा एक मुलगा म्हणतो, 'रेड नव्यानं बनवून विंडोज टाकतो, डी ड्राइव्हला हातही लावत नाही.' करू द्यावं का?
— एक अडतदार, सांगली

उत्तर : नाही. मुलाला चहा पाजा आणि परत पाठवा. सर्व्हरची वायर भिंतीतून काढा. मग पुढचं वाचा.

तुमचा सी आणि डी हे दोन वेगळे डबे नाहीत. तिन्ही डिस्क मिळून एक मोठी परात आहे आणि त्या परातीतच सी आणि डीच्या वड्या पाडल्यात. 'रेड नव्यानं बनवणं' म्हणजे परात घासून घेणं. तो इनिशियलाइज म्हणेल, डिस्क सांभाळणारं रेड कार्ड शून्यं लिहायला घेईल, आणि डी ड्राइव्ह सीच्या पाठोपाठ जाईल. मुलगा खोटं बोलत नाहीये. एकाच डिस्कच्या घरगुती कॉम्प्युटरवर त्याचं म्हणणं खरं ठरतं.

तुमचं पत्र वाचून मी फोन केला होता, ते वाचकांसाठी इथे सांगते. दोनच प्रश्न विचारले. नारिंगी दिवा कधीपासून आहे? तुम्ही म्हणालात, 'दिवाळीच्या आधीपासून असेल. आम्हाला वाटलं, डिस्क चालू असल्याचा दिवा आहे.' आणि तिच्या शेजारच्या डिस्कचा? 'तो लागतच नाही.' झालं, निदान फोनवरच झालं. एक डिस्क दिवाळीत गेली. तेव्हापासून दुकान दोन डिस्कवर चाललं होतं, कुणाला पत्ता नाही, कारण रेडचं कामच ते. परवाच्या पावसात दुसरी पडली. तीनपैकी दोन बाहेर, म्हणून सर्व्हर उठत नाही.

रेड म्हटलं की अडतदाराला आधी आयकरवाले आठवतात. पण हे रेड १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी एका निबंधात मांडलं. कल्पना अशी की एक महागडी डिस्क घेण्यापेक्षा स्वस्तातल्या पुष्कळ डिस्क एकत्र जुंपायच्या. रेड ५चं गणित तुमच्या पट्टीतच आहे. एका मुनीमाच्या कागदावर हमाली ४८, दुसऱ्याच्या कागदावर तोलाई १७, तिसऱ्याच्या कागदावर बेरीज ६५. तोलाईच्या कागदावर चहा सांडला तरी ६५मधून ४८ वजा केले की १७ परत मिळतात. (खऱ्या डिस्कवर ही बेरीज आळीपाळीनं तिघींवर फिरत असते, आणि ती साधी बेरीज नसून बिटांची असते. पण हिशेब असाच.) दोन कागद गेले तर मात्र एकट्या ६५वरून काही काढता येत नाही.

तुमच्याकडे तिसरीच भानगड आहे. एक मुनीम दिवाळीत रजेवर गेला आणि त्याच्या कागदावर दिवाळीचेच आकडे राहिले. कार्डाच्या मेनूत जाऊन त्याला कुणी जबरदस्तीनं 'ऑनलाइन' केलं, तर आजच्या ६५मधून दिवाळीचे ४० वजा होतील आणि तोलाई २५ येईल. आकडा मिळेल, पण खोटा. आणि तो खोटा आकडा खरा मानून विंडोज स्वतःहून चेकडिस्क (डिस्क दुरुस्त करायचा प्रोग्रॅम) सुरू करेल आणि चांगल्या फायली मोडून ठेवेल. म्हणून नारिंगी दिव्याच्या डिस्कला तूर्त कुणी उठवायचं नाही. आपल्याला हवी आहे ती विझलेली. तुमचा सगळा जीव तिच्यात आहे.

आता हात लावायचा. मोबाइलवर समोरून फोटो काढा, दिवे आणि स्लॉट दिसतील असा. पांढऱ्या चिकटपट्टीवर ०, १, २ लिहून डिस्क बाहेर ओढायच्या आधी चिकटवा, ओढल्यावर नाही. मी हे सांगते तेव्हा लोक हसतात, आणि मग तीन सारख्या काळ्या डिस्क टेबलावर पालथ्या घालून माझ्याकडे बघत बसतात. विझलेल्या डिस्कच्या पट्टीवर 'परवा' लिहा, नारिंगीवर 'दिवाळी'. दिवाळीवाली कपाटात ठेवा.

विझलेली डिस्क दुसऱ्या साध्या कॉम्प्युटरला सरळ साटाच्या वायरनं जोडायची, रेड कार्डामार्फत नाही. (तुमच्या डिस्कवर साटा लिहिलंय ते फोनवर वाचून घेतलं मी. सास लिहिलेल्या डिस्क साध्या पोर्टात बसत नाहीत, त्यांना वेगळं कार्ड लागतं. दाबून बसवू नका.) वीज देताना कान जवळ न्या. एकसारखा चढत जाणारा 'हूँऽऽ' आला आणि मग बारीक कुरकुर, तर निम्मी लढाई जिंकलात. लाइट येण्या-जाण्यात कार्डानं तिला नुसतंच बाहेर काढलेलं असू शकतं. 'टक्… टक्… टक्' असा पालीसारखा ठेका आला तर दहा सेकंदांच्या आत वीज काढा आणि पुन्हा देऊ नका. आतलं वाचणारं हेड बिघडलंय आणि फिरत्या तबकडीवर ओरखडे पाडू शकतं. प्रत्येक टकटकीला काही डेटा कायमचा जाऊ शकतो. मग ती डिस्क लॅबमध्येच उघडायची, धूळमुक्त खोलीत. तिथे जाताना तीन गोष्टी आधी लिहून घ्या : डेटा निघाला नाही तर पैसे किती, पैसे भरण्यापूर्वी फायलींची यादी दाखवणार का, आणि मूळ डिस्क परत देणार का. आणि कुणी म्हणालं की तशाच दुसऱ्या डिस्कची हिरवी पाटी (सर्किट बोर्ड) काढून लावतो, तर लावू देऊ नका. त्या पाटीवरच्या बारक्या चिपमध्ये त्या एका डिस्कचीच मापं असतात. चिप हलवल्याशिवाय नुसती पाटी बदलून उपयोग नाही.

डिस्क फिरली असं धरू. कॉम्प्युटर पेनड्राइव्हवरच्या लिनक्सनं (विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली) चालू करा, विंडोजनं नाही. विंडोज अशी डिस्क बघितली की 'इनिशियलाइज करू का?' असं अगदी अदबीनं विचारतं, आणि आपण सवयीनं ओके दाबतो. लिनक्सवर जीएनयू डीडीरेस्क्यू नावाचं फुकट साधन आहे. ते डिस्कची हुबेहूब प्रत, म्हणजे इमेज, दुसऱ्या डिस्कवर काढतं. त्याची खुबी ही की ते खराब जागेशी भांडत बसत नाही. आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलतं, खराब जागांची नोंद एका नकाशाच्या फाइलीत ठेवतं आणि मग फिरून त्या जागांवर येतं. मध्येच लाइट गेली तरी नकाशा बघून तिथूनच पुढे. फक्त नकाशाची फाइल सांभाळा, पेनड्राइव्हच्या लिनक्समध्ये ठेवली तर बंद केल्यावर तीही जाते. निरोगी डिस्क सेकंदाला १०० एमबी देत असेल तर १ टीबीला पावणेतीन तास धरा. आजारी असेल तर दोन दिवसही लागतात. तिच्यावर पंखा सोडा आणि हात लावू नका. तिन्ही डिस्कच्या इमेज काढा, दिवाळीच्याही. सगळ्या ठेवायला ४ टीबीची एक नवी डिस्क लागेल. ही खरेदी टाळू नका.

ही प्रत काढण्यावर मी एवढी अडून का बसते, तर माझ्याच हातून २००६ साली झालंय. एका दवाखान्याच्या सर्व्हरवर दोन डिस्कचा आरसा होता, एकीची हुबेहूब नक्कल दुसरीवर. एक गेली. मी नवी कोरी डिस्क लावली, मेनूत 'रिबिल्ड' निवडलं, आणि कुठून कुठे, हा एवढा एकच प्रश्न होता, त्याचं उत्तर उलटं दिलं. कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर कॉपी व्हायला लागली. रात्रीचे साडेदहा वाजले होते. टक्के चढत होते आणि मी समोर डबा उघडून भाकरी खात होते. १०० टक्के झाल्यावर मशीन म्हणालं, यशस्वी. दोन्ही डिस्क अगदी सारख्या झाल्या होत्या, दोन्ही कोऱ्या. त्या डॉक्टरांना सांगायला सकाळी गेले तो जिना मला अजून आठवतो. तेव्हापासून माझ्या टेबलावर मूळ डिस्कवर कुणी काम करत नाही, मीसुद्धा.

इमेज हातात आल्या की चांगली आणि विझलेली, या दोघींच्या इमेजवरून परात पुन्हा जुळवायची, पण फक्त वाचण्यापुरती. डिस्कचा क्रम, एकेका घासाचा, म्हणजे एका डिस्कवर सलग लिहिल्या जाणाऱ्या तुकड्याचा, आकार (बहुतेकदा ६४ किंवा १२८ केबी) आणि बेरीज कशी फिरते, एवढं कळलं की जुळते. पुष्कळ कार्डं ही माहिती डिस्कवरच लिहून ठेवतात. लिनक्समधलं एमडीएडीएम नावाचं रेड जुळवायचं साधन त्यातली काही मांडणी ओळखतं. विंडोजवरची विकतची सॉफ्टवेअर्सही इमेज दाखवल्या की क्रम शोधतात आणि पैसे भरण्यापूर्वी फायली दाखवतात. तिथे एक फसगत होते. फोल्डर दिसले, एक छोटी वर्ड फाइल उघडली, की लोक नाचतात आणि पैसे भरून मोकळे होतात. छोटी फाइल एकाच घासात मावते, म्हणून क्रम चुकला असला तरी ती उघडते. पारखायचं तर पाचदहा एमबीचा फोटो उघडा. क्रम चुकला असेल तर वरची पट्टी बरी दिसेल आणि खाली सगळे रंगीत चौकोन.

फायली निघाल्या की टॅलीचं डेटा फोल्डर पूर्ण उचला, त्यात कंपन्यांचे आकड्यांच्या नावाचे फोल्डर असतात, एकेक फाइल निवडत बसू नका. अडतीच्या सॉफ्टवेअरचा डेटा एसक्यूएल सर्व्हरमध्ये आहे असं तुम्ही म्हणालात, तर एमडीएफ आणि एलडीएफ दोन्ही फायली घ्या. त्या त्याच किंवा नव्या आवृत्तीवर जोडता येतात, जुन्या आवृत्तीवर नाही.

विझलेली डिस्क काही केल्या वाचताच आली नाही तर? मग दिवाळीवालीची इमेज वापरायची. चांगली आणि दिवाळीवाली, दोघींच्या इमेजवरून परात जुळवली की दिवाळीनंतर ज्या जागी काही लिहिलंच नाही, तिथलं बरोबर येतं. म्हणजे मागच्या वर्षांच्या बऱ्याच फायली येतील. पण रोज लिहिला जाणारा डेटाबेस मोडलेलाच मिळेल. त्याला डिसेंबरचा पेनड्राइव्ह आणि पुढच्या पट्ट्यांची कार्बनप्रत. कार्बनप्रती फेकल्या नाहीत ना?

प्रश्न : आमच्या शाळेच्या सर्व्हरवर रोज रात्री अकराला आपोआप बॅकअप होतो, ई ड्राइव्हवर. हिरवी खूण येते. एवढं पुरे ना?
— एक लिपिक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : ई ड्राइव्ह त्याच मशीनमध्ये असेल तर तो बॅकअप नव्हे. तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीतच ठेवल्यासारखं आहे ते. बाहेरची डिस्क घ्या, दोन घ्या, आणि एक घरी न्या.

हिरव्या खुणेचं म्हणाल, तर गिटलॅबची गोष्ट ऐका. जगभरचे प्रोग्रामर आपला कोड ठेवतात ती कंपनी. ३१ जानेवारी २०१७च्या रात्री त्यांच्या एका माणसानं चुकून मुख्य डेटाबेसचंच फोल्डर पुसलं, सुमारे ३०० जीबीचं. बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या त्यांच्याकडे. रोजचा बॅकअप बघायला गेले तर जागा रिकामी, कारण बॅकअप घेणारा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीचा होता आणि डेटाबेस नव्या. रोज अपयश येत होतं. त्याच्या इमेलही जात होत्या, पण त्या पोहोचतच नव्हत्या. शेवटी कुणीतरी वेगळ्याच कामासाठी सहा तास आधी काढलेली एक प्रत होती, तिनं वाचवलं. हे सगळं त्यांनी स्वतःच जगाला सांगितलं, लपवलं नाही, याचं मला कौतुक आहे.

तुम्ही महिन्यातून एकदा असं करा : बॅकअपमधला आठवीच्या एका विद्यार्थ्याचा दाखला दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. उघडला तर बॅकअप आहे.

प्रश्न : फोटो स्टुडिओसाठी दोन डिस्कची नॅस पेटी (नेटवर्कवरून फायली साठवायची) घेतली होती. पेटी मेली, दिवाच लागत नाही. डिस्क काढून विंडोजला लावली तर 'फॉरमॅट करा' म्हणतं. लग्नांचे फोटो आहेत हो!
— म्हापसा, गोवा

उत्तर : आधी पेटीचा अडॅप्टर तपासा. खरंच. बाहेरचा काळा अडॅप्टर मेलेला असतो आणि माणसं डिस्क उपटतात. तेवढेच व्होल्ट आणि किमान तेवढेच अँपिअर असलेला दुसरा लावून बघा.

अडॅप्टर ठीक असेल तर घाबरू नका, फॉरमॅटला नाही म्हणा. या पेट्या बहुतेक आतून लिनक्सवर चालतात आणि डिस्कवर ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएस अशी रचना असते. विंडोजला ती वाचता येत नाही, म्हणून ते फॉरमॅट सुचवतं. कोकणी न कळणारा माणूस म्हणतो ना, 'काहीतरी बडबडतोय', तसं. दोन्ही डिस्क आरशात असतील तर एकच घ्या, इमेज काढा, पेनड्राइव्हच्या लिनक्सवर ती फक्त वाचण्यापुरती उघडा. नुसतं 'रीड ओन्ली' म्हणून भागत नाही. ईएक्सटी४ उघडताना लिनक्स अर्धवट राहिलेल्या नोंदी पूर्ण करायला जातं, त्यामुळे सोबत 'नोलोड' हा पर्याय द्यावा लागतो. इमेजवर काम करत असाल तर चुकलं तरी बिघडत नाही, पुन्हा काढता येते. पेटीत डिस्क मिसळून एकच मोठी केली असेल, आरसा नसेल, तर दोन्ही लागतील आणि वर अडतदारांना सांगितलेली रीत तुम्हालाही लागू.

प्रश्न : ऑफिसच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड जळला. डिस्क दुसऱ्याला लावली तर निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी किल्ली मागते. आम्ही कधीच पासवर्ड ठेवला नव्हता!
— एक करसल्लागार, नाशिक

उत्तर : ते बिटलॉकर आहे, डिस्कला लागणारं विंडोजचं कुलूप. नव्या विंडोज मशीनवर ते पुष्कळदा तुम्हाला न विचारताच चालू होतं आणि किल्ली मदरबोर्डवरच्या चिपमध्ये ठेवतं. चिप गेली, कुलूप उरलं. आता मशीन पहिल्यांदा चालू करताना ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं आत गेलात ते आठवा, किल्ली तिथे साठलेली असते. बहुतेक ऑफिसांत ते खातं नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या नावानं निघतं. त्याला फोन करा, गोड बोला. खात्यात नसेल तर छापील कागद, पेनड्राइव्ह, कार्यालयाचा डोमेन सर्व्हर शोधा. कुठेच नसेल तर कुणालाही पैसे देऊ नका. ते कुलूप मी तोडू शकत नाही आणि तोडतो म्हणणाराही तोडू शकत नाही.

प्रश्न : हार्डडिस्क रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली की चालू होते म्हणे?
— कराड

उत्तर : मटारांशेजारी? नको. आतलं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. फ्रीजरमधून काढल्यावर तबकडीवर दव धरतं, आणि त्या हेडासाठी दवाचा थेंब म्हणजे कृष्णेचा पूर.

पुराचं निघालंच आहे तर, २०१९च्या ऑगस्टमध्ये आमच्या पेठांत पाणी शिरलं तेव्हा माणसं डिस्क घेऊन आली होती, उन्हात वाळवून, केसांच्या ड्रायरनं सुकवून. वाळलेला गाळ तबकडीवर चिकटून बसतो. ओल्याच राहिल्या असत्या तर बऱ्या वाचल्या असत्या. एक आजी मात्र नातवाची डिस्क ओल्या फडक्यात गुंडाळून, दुधाच्या पिशवीत गाठ मारून घेऊन आल्या. कुणी सांगितलं विचारलं, तर म्हणाल्या, 'कोथिंबीर अशीच राहते की.' ती डिस्क न वाळवता, वीज न देता तशीच लॅबला गेली आणि फोटो परत आले.